माझ्या वाटणीचा शब्द

बडोद्याच्या रावपुऱ्यात इंग्रजी शिकवणाऱ्यांना तोटा नव्हता. कोणी महिन्याभरात फाडफाड बोलायला लावायचं, कोणी मॅट्रिकला आपटलेल्यांना हमखास वर काढायचं. सरांच्या दारावर पाटीसुद्धा नव्हती, आणि त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला सगळा मिळून एक शब्द शिकायला मिळायचा. एकच. आणि तोही सर ठरवतील तो. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. मीही हसले असते, पण त्या एका शब्दावर मी जन्मभर नोकरी केली, दोन भाऊ मार्गी लावले, त्यामुळे मला हसू येत नाही. सरांची आठवण झाली की आजही मी खुर्चीत जरा सावरून बसते.

सर एका शाळेतून रिटायर झालेले. उंच, जरासे पोक आलेले, आणि बारा महिने तेरा काळ हातात छत्री. ती पावसासाठी नव्हती. ती ‘म्हणजे’साठी होती. समोरच्याने “म्हणजे काय, सर?” असं विचारायचा अवकाश, छत्रीचं टोक फरशीवर खाडकन आपटायचं.

“म्हणजे-बिणजे इथे चालायचं नाही. शब्दाला कामधंदा असतो. तो कुठे कुठे जाऊन काय करतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये.”

डिक्शनरी त्यांच्या घरात होती, पण ती त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, पोळपाटाचा डगमगणारा पाय सावरायला. कोणी तिच्याकडे बोट दाखवलंच तर म्हणायचे, “तिच्यात शब्दाचा पत्ता असतो. पत्ता पाठ केला की माणसाशी ओळख झाली का?”

शब्द द्यायची त्यांची तऱ्हा वैद्यासारखी होती. समोर बसवायचं, दोन-चार प्रश्न विचारायचे, डोळे मिटायचे आणि शब्द सांगायचा. वकिलाचा एक मुलगा कुठलीही गोष्ट हातात घेऊन अर्धवट सोडायचा, त्याला ‘कीप’ मिळाला. कॅनडाला लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला ‘गेट’ दिला, कारण तिथे म्हणे पाणी आणायचं, थंडी वाजायची, आजारी पडायचं, लग्नसुद्धा व्हायचं, तर सगळं त्या एका शब्दावर भागतं. त्या मुलीच्या वडिलांनी “निदान दोन तरी द्या” म्हणून गळ घातली होती. सरांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मला सरांकडे नेलं बाबांनी. बाबा मालगाडीवर गार्ड होते. गार्डाची दर काही वर्षांनी डोळ्यांची तपासणी होते, आणि लालहिरवं लांबून नीट दिसेना झालं की त्याला गाडीवरून उतरवून कुठेतरी टेबलाशी बसवतात. बाबांना दिसेना झालं होतं. ते आम्हाला सांगत नव्हते, पण गल्लीच्या टोकाशी उभं असलेलं ओळखीचं माणूस त्यांना ओळखू येईना झालं होतं, ते आईने पाहिलं होतं. गाडीवरून उतरले की पगार खाली येणार आणि भावांपैकी थोरल्याची शाळा सुटणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यातच बाबांच्या एका ओळखीच्याने सांगितलं की गावाबाहेर, रिफायनरीच्या बाजूला, एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर घेणार आहेत. मुलगी मॅट्रिक असली तरी चालेल, इंग्रजी पाहिजे. मी मॅट्रिक होते. इंग्रजीच्या नावाने शंख होता. इंटरव्ह्यू संक्रांत झाल्यावर होता.

“काय व्हायचंय हिला?” सरांनी बाबांना विचारलं.

“टेलिफोन ऑपरेटर.”

सरांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत, तेव्हा बाबांना वाटलं झोप लागली. मग ते म्हणाले, “हिचा शब्द होल्ड.”

बाबा मान डोलावत म्हणाले, “वा. आणि पुढचा, सर?”

“पुढचा नाही. इंटरव्ह्यूपर्यंत हाच पुरेल. नंतरही पुरेल बहुतेक.”

परत येताना मांडवीपाशी बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, “माणूस फार विद्वान आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. त्यांच्याकडे जाऊन कोणाला इंग्रजी आलेलं मात्र ऐकलं नाही.”

पहिला अभ्यास असा, की आपल्या घरात होल्ड कुठे राहतो ते शोधायचं. मला वाटलं, आमच्या घरात कुठला यायला इंग्रजी शब्द. त्या रात्री बाबा ड्यूटीवरून उशिरा आले आणि ताटावर बसता बसता आईला म्हणाले, “आऊटरला होल्ड केली होती, काय करणार.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होते, आणि ते मराठीच आहे अशी माझी समजूत होती.

सरांना सांगितलं तर त्यांना काय आनंद झाला! उठले, पायांत चपला घातल्या, छत्री घेतली आणि मला घेऊन थेट स्टेशन. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथे पोर्टरसुद्धा फिरकत नाहीत, तिथे जाऊन आम्ही उभे राहिलो. लांब आऊटरच्या सिग्नलपाशी एक मालगाडी थांबवून ठेवली होती.

“बघ. इंजिनात वाफ आहे, ड्रायव्हर आहे, पुढे रूळ आहेत. ही गाडी बंद पडलीय का?”

“नाही.”

“मग बंद पडलेली गाडी आणि ही, यांत फरक काय? त्या ड्रायव्हरकडे बघून सांग.”

ड्रायव्हर बाहेर झुकून सिग्नलकडे डोळे लावून बसला होता. हातातली बिडी विझली तरी त्याचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, “त्याला पुढे जायचंय.”

“शाबास!” सर एवढ्या मोठ्याने ओरडले की बाकावर झोपलेला एक माणूस उठून बसला. “ज्याला पुढे जायचंय त्यालाच होल्ड करतात. बाकीचे नुसते पडून असतात.”

सिग्नल पडला, गाडी हलली, आणि शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवा बावटा दाखवत आमच्यासमोरून गेला. सरांनी त्याला छत्री उंचावून सलाम केला. इतकी वर्षं बाबा हेच करत होते आणि मी एकदाही त्यांना काम करताना पाहिलं नव्हतं.

मग मला नादच लागला. सर न्यायचे तिकडे मी जायची. मांडवीत तांब्यापितळेचे कारागीर बसतात, त्यांच्यातल्या एकाकडून त्यांनी डागडुजीला आलेली एक गागर मागून घेतली, काठोकाठ भरली, माझ्या कमरेवर दिली आणि म्हणाले, “रावपुऱ्यात घेऊन चल.” गागरीला भोक. माझं परकर-पोलकं भिजून चिंब, मागे रस्त्यावर ओली रेघ, आणि जो तो ओरडतोय, “अरे बेन, गागर गळे छे!” सर शेजारून शांतपणे चालताहेत, जणू दुसऱ्या कुणाच्या वरातीत. घरी पोचेपर्यंत गागर रिकामी.

“इट डझन्ट होल्ड वॉटर,” सर म्हणाले. “आता हे विसरलीस तर मला सांग.”

कशी विसरणार? आणि त्यांनी विसरू दिलं असतं तर ना. ती गागर पुढे महिनाभर त्यांच्या कोनाड्यात होती, कारागीर बिचारा मागायला येऊन येऊन थकला. मी उशिरा जाऊन काही थातुरमातुर कारण सांगू लागले की सर काही न बोलता गागर उचलून माझ्यासमोर ठेवायचे. सरांच्या बोलण्यात कुठे पाणी गळतंय असं काकूंना वाटलं, तर त्याही तीच गागर त्यांच्यासमोर आणून ठेवायच्या. त्या घरात भांडण फार लवकर मिटे.

इंग्रज सभा होल्ड करतो हे त्यांनी मला म्युनिसिपालिटीच्या गॅलरीत बसवून दाखवलं. खाली एवढा गदारोळ चालला होता की कोणी काय धरलंय आणि कोणी काय सोडलंय ते कळेना. सर हळूच म्हणाले, “आपल्याकडे सभा भरवतात, जत्रेसारखी. धरत कोणी नाही.” श्वास होल्ड करणं, जीभ होल्ड करणं, मान्य केलेली गोष्ट उद्याही होल्ड करणं, सगळं असं बघत, करत, कधी भिजत शिकले. हे शिकणं आहे असं त्या वेळी वाटतच नव्हतं. आई मात्र रोज विचारायची, “आज नवीन काय शिकवलं?” आणि मी म्हणायची, “होल्ड.” ती देवापुढे जरा जास्त वेळ उभी राहू लागली.

एक दिवस मी आपलं डोकं चालवलं. म्हटलं, “सर, आपल्याकडेही तसंच आहे की. आपण धीर धरतो, उपास धरतो, नेम धरतो, अबोला धरतो.”

मला वाटलं आता छत्री आपटणार. पण त्यांनी मला हाताने खूण करून खिडकीशी नेलं. समोर, गल्लीच्या पलीकडे, औषधांचं दुकान होतं. गल्ल्यावर एक गोरटेले, गोल चेहऱ्याचे गृहस्थ बसले होते. त्यांना सगळी गल्ली मोटाभाई म्हणायची.

“आय होल्ड अ ग्रज अगेन्स्ट हिम,” सर म्हणाले. घरातली जुनी पैठणी काढून दाखवावी तसं. “ही अढी, हा होल्ड माझ्याकडचा सगळ्यात जुना.”

गोष्ट मला काकूंनी सांगितली. सर आणि मोटाभाई लंगोटीयार. दुकान समोर, पण घरं शेजारशेजारी, गच्चीला गच्ची लागून. एकाच्या घरी श्रीखंड झालं की वाटी दुसऱ्याकडे जायची, दुसऱ्याकडे उंधियू झालं की इकडे. मग राज्यं वेगळी झाली, गुजरात निराळं झालं. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसलेले असताना मोटाभाई थट्टेने म्हणाले, “हवे तो तमे महेमान.” आता तुम्ही पाहुणे. चार माणसं हसली. सरांचे पणजोबा बडोद्याच्या दप्तरात चाकरीला आलेले, याच गल्लीत वारलेले. सर हसले नाहीत. उठले, घरी आले, आणि त्या दिवसापासून मोटाभाईंशी बोलले नाहीत. मोटाभाईही हट्टी. थट्टा केली त्याची माफी काय मागायची, म्हणून तेही बोलले नाहीत. गल्लीतला एकुलता एक टेलिफोन मोटाभाईंच्या दुकानात होता, सगळं रावपुरं तिथून फोन करायचं. सरांनी आयुष्यात टेलिफोनला हात लावला नव्हता, तो त्या पायरीमुळे.

हे एवढंच असतं तर जगात अबोले काय थोडे आहेत. मी थक्क झाले ती संक्रांतीला, आमच्याकडच्या उत्तरायणाला.

बडोद्यात उत्तरायण आलं की घरांत माणसं राहत नाहीत, सगळी गच्च्यांवर. मराठी घरांत तीळगूळ आटपून लोक जे वर चढतात ते अंधार पडेपर्यंत उतरत नाहीत. सरांनी मला बोलावून घेतलं होतं. “सकाळी लवकर ये. होल्ड बघायला.” मी वर गेले तर दोन गच्च्यांमधला बुटका कठडा ओलांडून सर पलीकडे, मोटाभाईंच्या गच्चीवर! मोटाभाई पुढे, आभाळात नजर, बोटांवर चिकटपट्टी गुंडाळलेली, पतंग वर वर चाललेला. आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर सर, दोन्ही तळव्यांमध्ये मांज्याची फिरकी धरून. छत्री कठड्याला टेकवलेली.

पतंग उडवतो त्याला सगळे बघतात. फिरकी धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही. पण मांजा कधी सोडायचा, कधी आवरायचा, हे त्याच्या हातात असतं, आणि नेमका क्षण चुकला की पतंग गेला. एरवी लोक सारखे ओरडत असतात, “ढील आप! लपेट!” ढील दे, गुंडाळ. त्या गच्चीवर शब्द नव्हता. मोटाभाईंचा खांदा जरासा पुढे झाला की सरांच्या तळव्यांत फिरकी भिरभिरायची. कोपर मागे आलं की थांबायची. लहानपणापासून असंच चालत आलेलं. मधे अबोला आला, उत्तरायण काही बंद झालं नाही. वर्षाचे बाकी सगळे दिवस एकमेकांकडे न बघणारी ती दोन माणसं, आणि त्यांच्यामध्ये एक दोरा. अशी माणसं असतात, आणि ती आपल्याच गल्लीत औषधं विकतात, क्लास घेतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुपारी सरांनी खुणेने मला कठड्यावरून बोलावलं आणि फिरकी माझ्या हातात दिली. मी ती जिवाच्या आकांताने पकडली. सरांनी दिलेली वस्तू, सुटली तर काय घ्या! पतंग जोरात ओढ घेत होता, मी आणखी घट्ट धरली. मोटाभाईंच्या बोटाला मांजा कचकन कापत गेला, पतंग हेलकावला आणि शेजारच्या गच्चीवरून आरोळी उठली, “काप्यो छे!”

मोटाभाईंनी बोट तोंडात घातलं, आणि मागे वळूनही न बघता गरजले, “पाछळ कोण छे?”

सर मागे नाहीत हे त्यांना बोटाला कळलं होतं.

सरांनी माझ्या हातातून फिरकी घेतली. रागावले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, “घट्ट धरलंस. घट्ट धरलं की समोरच्याचा हात कापतो. फिरू द्यायची, आणि सोडायची नाही. एवढ्यापुरता झाला तुझा होल्ड. आता इंटरव्ह्यूला जा.”

इंटरव्ह्यूची गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते. तीन साहेब समोर. एकाने विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, “माय फादर होल्ड्स अ ग्रीन फ्लॅग.” दुसऱ्याने विचारलं, छंद काय. गागर डोळ्यांसमोर आली, खोटं सांगवेना. म्हटलं, “आय होल्ड फिरकी.” तिघेही हसले. माझ्या डोळ्यांपुढे थोरल्या भावाचं दप्तर आलं. संपलं सगळं.

पण त्यांना माणूस तातडीने हवा होता. म्हणाले, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेलिफोनच्या बोर्डवर बसून दाखव. तिथली जुनी ऑपरेटर लग्न होऊन चालली होती, तिने लाईनी जोडायच्या दोऱ्या कुठे खोचायच्या ते दाखवलं. तेवढ्यात मुंबईहून ट्रंक कॉल आला. कुठल्याशा मोठ्या यंत्राचं काम, वर्क्स मॅनेजर पाहिजे होते, आणि ते प्लँटमध्ये कुठेतरी वर चढलेले. सकाळपासून हाच कॉल दोनदा येऊन तुटला होता. ती “होल्ड प्लीज” म्हणून दुसरीकडे वळायची, पलीकडचा माणूस त्या मुक्या लाईनवर तापून तापून फोन आपटायचा.

“तू बघ,” म्हणत ती मॅनेजरांना शोधायला पळाली.

मी कानाला लावलं. पलीकडचा माणूस संतापलेला, इंग्रजी तोफगाड्यासारखं. मला पाचातलं एक कळत होतं. पण एक गोष्ट नक्की कळली, की हा बंद पडलेला नाही. याला पुढे जायचंय. मी म्हटलं, “सर, आय ॲम होल्डिंग.” थोडं थांबले. “ही इज कमिंग, सर. आय ॲम होल्डिंग.” त्याने आवाज चढवला की मी गप्प राहून त्याला बोलू द्यायची, तो थकला की पुन्हा हलकेच, “होल्डिंग, सर.” हळूहळू तो खाली आला. शेवटी तो मुंबईचा माणूस मला बडोद्यातल्या थंडीबद्दल विचारायला लागला. मॅनेजर धापा टाकत आले तेव्हा लाईन जिवंत होती. बोलणं झाल्यावर तो त्यांना काहीतरी म्हणाला, आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मला यायला सांगितलं.

पेढे घेऊन मी धावत सरांकडे गेले. त्यांच्या पाया पडताना मला रडू आवरेना. बाबा त्या वसंतात गाडीवरून उतरले, पण भावाची शाळा सुटली नाही. सरांनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “शब्द अर्धाच झालाय हं.”

“उरलेला कधी?”

“येईल आपल्या पावलांनी.”

मी त्यांना कारखान्याचा नंबर सांगितला. म्हटलं, कधी लागलं तर फोन करा. ते हसले. “मी? त्याच्या पायरीवरून?”

ऑपरेटरचा कान निराळा होतो. माणसं चेहऱ्याने विसरायला होतात, आवाजाने नाही. गप्प बसलेली लाईनही ओळखू येते. माणूस निघून गेल्यावरची शांतता वेगळी, आणि तिथेच उभा आहे पण बोलत नाही ती वेगळी. हे मी सांगते ते एवढ्यासाठी, की काही वर्षांनी एका दुपारी बोर्डवर बाहेरचा कॉल आला, मी कारखान्याचं नाव सांगितलं, आणि पलीकडून कोणी बोललंच नाही. फक्त फरशीवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. खट्. पुन्हा खट्.

“सर?”

“पोरी, मी आहे.”

“कुठून बोलताय?” असं मी विचारून गेले. त्या गल्लीत फोन एकाच ठिकाणी होता.

“त्याच्या दुकानातून. तो पडलाय. छातीला हात लावून बसला आणि आडवाच झाला. दुकानातला माणूस डॉक्टरांना आणायला धावलाय. हा सारखं मुलाचं नाव घेतोय. मुलगा मुंबईला आहे, नंबर इथे भिंतीवर लिहिलाय. मला तुझ्याशिवाय दुसरा नंबर माहीत नाही.”

दुपारच्या वेळी रावपुऱ्यातली दुकानं अर्धी मिटलेली असतात. गल्लीत चिटपाखरू नसणार. मी त्यांच्याकडून नंबर घेतला आणि म्हटलं, “फोन खाली ठेवू नका, सर. काही झालं तरी.”

दुसऱ्या लाईनवर मी लाइटनिंग कॉल मागितला, सगळ्या ट्रंक कॉलांच्या आधी लागणारा. कारखान्याच्या लाईनवरून असं करायला परवानगी नव्हती. ट्रंक एक्स्चेंजमधल्या मुली माझा आवाज ओळखायच्या. “बेन, जीव अडकलाय कुणाचा तरी,” एवढंच म्हटलं, पलीकडच्या मुलीने पुढचं विचारलं नाही. एका कानाला मुंबईची घंटा, एका कानाला रावपुरं.

“सर, घंटा जातेय. मी आहे.”

ती तिथेच उभी असलेली शांतता.

“सर, कोणीतरी उचलला. मुलाला बोलवायला गेलेत. जिना चढून यायचंय म्हणे. मी धरलंय.”

“पोरी,” सरांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा. “तो माझ्याकडे बघतोय.”

“मग बोला ना, सर.”

“काय बोलू? कुठून सुरू करू?”

कसं माझ्या तोंडून गेलं देव जाणे. सरांना सांगणारी मी कोण? पण गेलं. “ढील द्या, सर.”

मग छत्री पडल्याचा आवाज आला. रिसीव्हर हातातच असावा, कारण शब्द लांबून पण स्पष्ट येत होते. गुजरातीत, लहान मुलाशी बोलावं तसे.

“अल्या, खमी जा. दीकरो लाइन पर आवे छे. हूं अहीं ज छूं. जो, तारी पाछळ ज छूं.”

जरा दम धर, पोरगा येतोय, मी इथेच आहे. तुझ्या मागेच उभा आहे.

मुंबईच्या बाजूने धापा टाकलेला एक आवाज आला, “बापूजी?” मी दोन लाईनी जोडल्या आणि माझी कळ खाली केली. ऑपरेटरने ऐकायचं नसतं. बोर्डवर दुसऱ्या कॉलांच्या झडपा पडत होत्या, त्या मी एका हाताने घेतल्या, आणि त्या जोडलेल्या दोऱ्यांवर दुसरा हात ठेवून बसले. त्याची गरज नव्हती, दोऱ्या काही आपोआप सुटत नाहीत. मॅनेजरांना मी संध्याकाळी स्वतःच सांगितलं. ते “हं” म्हणाले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मोटाभाई वाचले. डॉक्टर वेळेवर आले, पुढे मुलगाही येऊन राहिला. मी तीळगुळाचा डबा घेऊन उत्तरायणाला गेले ती मोठ्या उत्सुकतेने. म्हटलं, आता दोघे बोलताना बघायला मिळणार. गच्चीवर मोटाभाईंना खुर्ची दिली होती, खांद्यावर शाल. मागे दोन पावलांवर सर, हातात फिरकी. आणि शब्द नाही! होता तस्साच अबोला.

मला राहवेना. सरांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “सर, त्या दिवशी बोललात ना त्यांच्याशी?”

“बोललो की.” सरांची नजर दोऱ्यावरून हलली नाही. “मी बोललो. तो कुठे बोललाय अजून? आता पाळी त्याची.”

मी कठड्यावर बसून राहिले. पतंग पार देवळाच्या कळसापलीकडे गेला होता. एक लाल पतंग खालून येऊन त्याला भिडला, आजूबाजूच्या गच्च्यांवर आरडाओरडा सुरू झाला. मोटाभाईंचा खांदा शालीखाली जरासा पुढे झाला आणि सरांच्या तळव्यांत फिरकी भिरभिरू लागली.

तेव्हा मोटाभाई, मागे न बघता, आभाळाकडे तोंड करून म्हणाले, “ढील आप, भाई.”

ढील सरांनी आधीच दिली होती. मोटाभाईंना ती बोटाला कळलीही होती. तरी ते म्हणाले.